पंप चालूच होता

महादेवी : ...चालू व्हता म्हनं! चालू असता तर माझ्या गिरणीत कंबरंइतकं पानी कशानं आलं?

अमरसिंह : बाई, आवाज खाली करा. हे पालिकेचं पंपघर आहे, तुमची पिठाची गिरणी नाही. काल संध्याकाळी पाच ते नऊ पंप चालूच होता. वहीत नोंद आहे. शहादेव, दाखव वही.

शहादेव : हाय सायेब. पाच ते नऊ. म्याच लिवलंय.

महादेवी : वही घिऊन काय करू, चुलीत घालू? चार घंटे सगळी खालची पेठ पान्यात व्हती. माझी सासू तीन वर्सं झाली अंथरुणावर हाय. चौघांनी उचलून गव्हाच्या पोत्यांवर ठिवली तिला. खालची पोती भिजायला लागली तशी म्हातारी मलाच म्हनती, "मला खाली सोड महादेवे, लोकांचे दाने वाचव." तुमच्या वहीत हे कुटं लिवलंय?

अमरसिंह : झालं ते वाईटच झालं. पण पाऊस किती होता! नदी भरली, नाल्याचं पाणी नदीत जाईना. त्याला मी काय करू?

महादेवी : नदी भरली म्हंजे नाल्याचं दार आपोआप लागतंय, मंग पंपानं पानी उचलून बांधाच्या पल्याड टाकायचं. ह्याच्यासाठीच बसवला न्हवं का? मागल्या महिन्यात उद्घाटनाला तुमीच माईकवर सांगितलं. म्या पुढंच बसले व्हते.

अमरसिंह : बरोबरच सांगितलं. जुन्या डिझेल इंजिनाच्या तिप्पट ताकद आहे याची. पॅनल परदेशी कंपनीचं. देश आता खुला झालाय बाई, चांगला माल यायला लागलाय.

महादेवी : देश खुला झाला आन आमचा नाला तुंबला. ते जुनं इंजिन धूर सोडायचं, खोकायचं, पन पानी उचलायचं. त्याला भंगारात कुनी घातलं? शहादेवभाऊ, तुमी तर वीस वर्सं चालवलं ते.

शहादेव : मला कोन इचारतंय आक्का.

अमरसिंह : हे बघा, कंपनीला मी एसटीडीवरून फोन केलाय. त्यांचा माणूस परवा येईल, तपासेल.

महादेवी : परवा? आत्ता नेकनूरच्या गाडीचा कंडक्टर सांगत व्हता, तिकडं आभाळ फाटलंय. घंट्या-दीड घंट्यात हितं येतंय. नदी काठोकाठ भरलेलीच हाय. म्हातारीला आज कशावर ठिवू? पोती तर गेली सगळी.

अमरसिंह : पंप चालू ठेवू की! शहादेव इथेच थांबेल.

महादेवी : कालच्यासारखाच चालू न्हवं? शहादेवभाऊ, माज्याकडं बघा. सायबाकडं न्हाई, माज्याकडं. काल बांधापल्याड पायपातून पानी कितीक पडत व्हतं?

शहादेव : पडत व्हतं.

महादेवी : कितीक?

शहादेव : ...मनगटाएवढं.

महादेवी : मनगटाएवढं! आवं, त्या पायपातून मानूस रांगत जाईल! आन तुमी वहीत चालू लिवलं?

शहादेव : चालूच व्हता की आक्का. आवाज येत व्हता. हिरवा दिवा लागला व्हता. दिवा बघून लिव म्हनून सायबानंच सांगितलंय. म्या डोळ्यांनी बघितलं, पानी हटंना, म्हनलं आपल्याला काय कळतंय नव्या मशिनीतलं.

महादेवी : वीस वर्सं पानी उपसून कळंना? लाज वाटू द्या जरा!

अमरसिंह : त्याला कशाला बोलता? जाळीत कचरा अडकला असेल.

शहादेव : जाळी म्या दोनदा साफ केली सायेब. छातीइतक्या पान्यात उतरून.

महादेवी : थांबा. थांबा जरा. दोन सालामागं आमच्या पेठंतली डीपी जळाली. नवी बसवली तवा वायरमननं तारा इकडच्या तिकडं जोडल्या. गिरणी सुरू केली, आवाज झ्याक, पट्टा फिरतोय, आन पीठ काय धड पडंना. अर्धा दिस म्या जात्याला शिव्या घातल्या. मोटार उलटी फिरत व्हती! सायेब, तुमचा पंप उलटा फिरतोय.

अमरसिंह : काहीतरीच काय! उद्घाटनाला चालवून दाखवलाय. चाचणीच्या कागदावर माझी सही आहे.

महादेवी : त्या दिशी नाल्यात पानी व्हतं?

अमरसिंह : जूनचा पहिला आठवडा तो. कोरडाच होता.

महादेवी : मंग काय उचललं त्यानं?

अमरसिंह : दोन मिनिटं सुरू करून दाखवला फक्त.

शहादेव : टाळ्या लई वाजल्या आक्का.

महादेवी : आन मांडवाला लाइट कुठनं घेतली व्हती? झुंबरं काय, माळा काय, लगीन असल्यावानी.

शहादेव : हितनंच. आदल्या दिशी मांडववाल्या उत्तरेश्वरनं ह्याच मेन स्विचच्या तारा सोडल्या, त्याची केबल घातली आन त्यानंच परत जोडल्या.

महादेवी : ऐका सायेब! परदेशी मशीन आन जोडली मांडववाल्यानं!

अमरसिंह : ...फिरण्याची दिशा दाखवायला मोटारीवर बाण असतो. कंपनीनंच रंगवलेला. बघायचाच तर तो बघू. कुठाय रे बाण?

शहादेव : बाण कुंकवाखाली हाय सायेब. पूजेला नगराध्यक्षांच्या मंडळींनी तितंच स्वस्तिक काढलं, हळदीकुंकवाचा थर दिला, वर हार. पूजेचं कुंकू पुसावं कसं? म्हनून म्या हात लावला न्हाई.

महादेवी : सरका. म्या पुसते. मालक गेल्याला नऊ वर्सं झाली, मला आता कुंकवाचं भ्या न्हाई. ...हे बघा. बाण भिताडाकडं हाय. आता बटन दाबा आन लगीच बंद करा. थांबताना मोटारीचा पंखा कुनीकडं फिरतोय ते दिसतंय. ...दाबा म्हनते ना!

शहादेव : दाबलं. ...बंद.

महादेवी : बघा सायेब. नीट वाकून बघा.

अमरसिंह : ...दाराकडं फिरतोय.

महादेवी : बाण भिताडाकडं, पंखा दाराकडं. चार घंटे! चार घंटे ह्यो उलटा घुमत बसला आन आमी पोरंबाळं माळ्यावर चढवली! सायेब, मेन स्विचवरच्या कुटल्याबी दोन तारा आपसांत बदला. पाच मिन्टाचं काम हाय.

अमरसिंह : तसं नाही करता येत. पॅनलला कंपनीचं सील आहे. कुणी हात लावला तर वॉरंटी जाते.

महादेवी : पॅनल कोन उघडतंय? मेन स्विच पालिकेचा हाय. त्याला कंचं सील?

अमरसिंह : आणि जळाला तर? मी सिव्हिलचा इंजिनिअर आहे बाई, मला यातलं कळत नाही! नोकरीला दीड वर्ष झालंय. आज तारा बदलल्या म्हणजे त्या दिवशी चुकीच्या होत्या असं होतं. खाली सही कुणाची? माझी! अध्यक्षांना काय सांगू, उद्घाटनच उलटं झालं म्हणून? चांगला घरचा माणूस मी, अख्ख्या गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

महादेवी : तुमचं तोंड! काल माझ्या सासूच्या तोंडात गटाराचं पानी गेलं, त्या तोंडाचं काय? कळत नव्हतं तर कुनाला इचारायचं. मला इचारायचं! शहादेवभाऊ, मेन पाडा. पाना कुटं हाय?

अमरसिंह : हात लावायचा नाही! पोलिसांना बोलावीन मी.

महादेवी : बोलवा. त्यांना यायला घंटा लागंल. त्यांची चौकी कोरडी असंल तर येतील.

अमरसिंह : शहादेव, तुला सांगून ठेवतो, बाईंना पाना दिलास तर घरी बसवीन.

शहादेव : देत न्हाई सायेब.

महादेवी : शहादेवभाऊ!

शहादेव : तुमच्या हातात न्हाई देत आक्का. सरका बाजूला. तारा म्याच बदलतो. काल छातीइतक्या पान्यात म्या खुळ्यावानी जाळी साफ करत व्हतो आन ह्यो पंप वर बोंबलत व्हता नुस्ता. आता घरी बसवा न्हाईतर फाशी द्या. मेन पाडलाय, कुनी शिवू नका.

(काही वेळ पाना चालवल्याची खटखट. मेन स्विच वर चढतो, पंप सुरू होतो. बांधापलीकडे धो धो पाणी कोसळू लागतं.)

शहादेव : आक्का! आख्खा पायप भरून! पार पल्याडच्या बाभळीपतुर फेकतोय!

अमरसिंह : ...दिवा तर तसाच आहे. हिरवाच.

महादेवी : त्या दिव्याला काय कळतंय सायेब.

अमरसिंह : बाई, हे... बाहेर कुणाजवळ बोलू नका. मी अध्यक्षांशी बोलेन, नुकसानीचं काहीतरी बघू.

महादेवी : माझ्या गिरणीत रोज साठ बाया दळन घिऊन येत्यात. घसा बसंपतुर सांगनार हाय म्या. तुमचं नाव घिऊन सांगनार हाय.

अमरसिंह : बरं. सांगा. आता तरी घरी जा. पाऊस येतोय, पहिले थेंब पडायला लागले. भिजाल.

महादेवी : काल घरात बसून भिजले. पानी नाल्याच्या तळाला जाईपतुर म्या हितनं हलत न्हाई. शेजारनीला बसवलंय म्हातारीपाशी.

अमरसिंह : मग उभ्या कशाला? शहादेव, बाईंना स्टूल दे.

शहादेव : स्टूल एकच हाय सायेब. त्याच्यावर तुमी बसलाव.