ओटिलियाच्या तोंडचा ठेका

मीर्ता : बाबा, हे ओटिलियामावशीचं पत्र ना? ईस्टरच्या आधी आलेलं. अजून साखरेच्या डब्याखालीच?

एवारिस्तो : उत्तर द्यायचंच होतं गं. शब्द जुळेनात.

मीर्ता : स्टेजवर तर तुमचं तोंड थांबत नसे.

एवारिस्तो : स्टेजवर हाताखाली कोंगा ढोल असायचा.

मीर्ता : तिचं मागणं ते केवढं! तुमच्या बँडबरोबर तिनं गायलेली एकुलती एक रेकॉर्ड पुन्हा निघतेय. तिसऱ्या गाण्याचा ठेका तिनं दिला, एवढं कव्हरवर छापा म्हणतेय. तिनंच दिला ना?

एवारिस्तो : दिला म्हणजे... तोंडानं बोलून दाखवला. याच टेबलापाशी. तिच्या मातान्सास गावचा, देवाच्या ढोलावरचा. तिचा बाप वाजवायचा. आम्हा कोणालाच येत नव्हता.

मीर्ता : बाईनं त्या ढोलाला हात लावायचा नाही, म्हणून ती बिचारी घसा सुकेपर्यंत बोल म्हणत बसली. आणि ते गाणं लागलं की लोक म्हणतात, काय हात आहे एवारिस्तोचा!

एवारिस्तो : हात माझेच होते.

मीर्ता : हातच तेवढे.

एवारिस्तो : अगं, बाईकडून शिकलो म्हटलं असतं, तर ब्रॉन्क्समधल्या एकाही ढोलवाल्यानं मला शेजारी बसू दिलं नसतं.

मीर्ता : ते सगळे मेले, बाबा. आता कोण उठवणार आहे तुम्हाला?

एवारिस्तो : जीभ अगदी आईची घेतलीस.

मीर्ता : कंपनीवाला सोमवारी कव्हर छापायला देतोय. तुम्ही लिहून दिल्याशिवाय एक अक्षर बदलणार नाही म्हणाला. मावशीचं वय बघा. पुन्हा कुठली रेकॉर्ड आणि कुठली मावशी?

एवारिस्तो : बरं, बरं. कागद दे. आणि तिकडे कॉफी बघ, माझ्या खांद्यावरून वाचू नकोस.

(दुपारी. मीर्ता बाहेरून येऊन कोट काढते.)

एवारिस्तो : पत्रं टाकलीस?

मीर्ता : दोन्ही. कंपनीचं आणि मावशीचंही. सुटलात एकदाचे! आता तरी सांगा, काय लिहिलंत?

एवारिस्तो : ठेका तिच्याच घरचा, असं लिहिलं. चांगला मान देऊन. तिच्या वडिलांनी मला समोर बसवून शिकवला, असं.

मीर्ता : वडिलांनी?

एवारिस्तो : नाव तिच्याच घरात राहिलं ना.

मीर्ता : बाबा, तुम्ही भेटलात तरी कधी त्यांना?

एवारिस्तो : फोटो पाहिलाय. तिनंच दाखवला होता.