आतून पाच, बाहेरून साडेतीन

…नाही, पण मी म्हणते, स्वतःच्या घराची, स्वतःच्या दारातली भिंत अडीच फूट वर न्यायची, तर माणसानं किती चपला झिजवाव्यात? तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांची एक जोडी झिजली, दुसरीचा अंगठा त्या ऑफिसच्या जिन्यातच तुटला, आणि एक पाय फटक-फटक करत, एक पाय ओढत घरी आले, तर मला वाटलं, चला, आता तरी भिंतीचं खूळ डोक्यातून गेलं असेल. कसलं काय! दारातूनच ओरडले, "मोहिनी, भिंत होणार म्हणजे होणार!" आणि आमचा गणपती? आमचा गणपती बिनफुलाचा!

आता हे म्हणजे रंगनाथराव, आमचे यजमान. एस.टी.त कंट्रोलर होते. सगळी नोकरी पिंपळगाव बसवंतच्या स्टँडवर माईकपुढं गेली. रिटायर झाले, माईक सुटला, पण आवाज सुटला का? छे! घरात चहा हवा असला तरी बैठकीतून घोषणा, "चहा अजून फलाटावर लागलेला नाही, कृपया चौकशी खिडकीनं नोंद घ्यावी!" चौकशी खिडकी म्हणजे मी. अशा माणसानं एकदा ठरवलं ना, की मग गाडी सुटली. मधे थांबा नाही.

तर भिंत कशासाठी? माझ्यासाठी! म्हणजे माझ्या जास्वंदीसाठी. इंदिरानगरला आम्ही घर बांधलं ना, तेव्हा माझ्या आईनं माहेरची जास्वंदीची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून, एस.टी.त मांडीवर घेऊन आणून दिली होती. आई गेली, फांदीचं झाड झालं. लाल भडक फूल, हे एवढं! ते उमललेलं दिसलं की मला आई आल्यासारखं वाटतं, खोटं नाही सांगत. माझी इच्छा एवढीच, की रोज सकाळी त्यातलं एक, अहो एकच, फूल आमच्या गणपतीला वाहावं. फार मागते का मी?

पण नाही! झाड आमचं, पाणी आमचं, शेणखत आमचं, आणि फुलं सगळ्या कॉलनीची! पहाटे मफलर गुंडाळून, हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन फिरायला निघतात ना मंडळी… फिरायला म्हणे! हे कोपऱ्यावरचे देवराम मास्तर, जन्मभर पोरांना 'खरे बोलावे' शिकवलं, ते भिंतीवरून वाकून अशी फुलं काढतात की पान हलत नाही. आणि समोरच्या गोजराबाई! त्यांच्याकडं तर आकडी आहे. बांबूची, टोकाला तार वाकवलेली. तोंडानं अथर्वशीर्ष आणि हातानं आकडी, दोन्ही एका चालीत. अहो, उमललेली नेतात ते नेतात, उद्याच्या कळ्यासुद्धा नेतात! पाण्यात ठेवल्या की सकाळी उमलतात म्हणे.

तुम्ही म्हणाल, बाई, तूच लवकर ऊठ. उठले ना! पाचला उठले, तर त्या पावणेपाचला. साडेचारला उठले, तर त्या आकडी खांद्यावर टाकून परत निघालेल्या, आणि वर मलाच म्हणतात, "काय गं मोहिनी, झोप येत नाय का? पित्त झालं असंल."

एकदा हे तुळशीमागं दबा धरून बसले. गोजराबाईंची आकडी भिंतीवरून आत आली, तशी ह्यांनी जुनी शिट्टी काढून फुर्रर्र केली. सगळी कुत्री जागी झाली, मी दचकले, आणि गोजराबाई? जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, देवाचं काम चालू हाय. शिट्टी वाजवू नये अशा वक्ताला." देवासाठी नेलेल्या फुलाला चोरी म्हणायचं कसं? तसं मागितलं असतं तर दिलंच असतं हो. दारात येऊन कुणी देवासाठी फूल मागितलं, तर नाही म्हणायची रीतच नाही आमच्यात. माझी आई तर आपल्या देव्हाऱ्यातलं काढून द्यायची. पण मागतंय कोण! न मागता मिळतंय तोवर मागणार तरी कशाला?

मग ह्यांनी मूळ शोधलं. म्हणाले, "दोष माणसांचा नाही, भिंतीचा आहे. भिंत बुटकी आहे." आता ती बुटकी कशी झाली, तो वेगळाच तमाशा. बांधली तेव्हा चांगली पाच फूट होती, नियमात बसवून. पण दर दोन-चार वर्षांनी रस्त्यावर डांबर! खड्डा पडला, डांबर. निवडणूक आली, डांबर. आणि दोन हजार तीनला सिंहस्थ आला, मग तर विचारूच नका. अहो, साधू तिकडं तपोवनात, आणि डांबर आमच्या गल्लीत! आमच्या गल्लीत साधू सोडा, पोस्टमन धड येत नाही. प्रत्येक थर जुन्या थरावर. रस्ता वर वर वर, आणि भिंत आहे तिथंच. आतून पाहा, पाच फूट. बाहेरून पाहा, साडेतीन! गोजराबाईंना आकडीचीसुद्धा गरज उरली नाही, हौस म्हणून आणतात.

झालं! हे निघाले महापालिकेच्या ऑफिसात, परवानगीला. तिथं रविराज म्हणून एक तरुण साहेब, फार गोड पोरगा, "या काका, बसा काका, पाणी घ्या काका," सगळं देतो, फक्त परवानगी देत नाही. म्हणाला, "काका, पुढच्या भिंतीला नियम पाच फुटांचा. जास्त हवी तर खास बाब म्हणून मंजुरी लागते. आधी जागा पाहावी लागेल." आला बिचारा उन्हातान्हात, टेप घेऊन. आतून लावला टेप. म्हणाला, "काका, पाच फूट बरोब्बर भरते की!"

हे म्हणाले, "बाहेरून लावा."

"बाहेरून साडेतीन. पण काका, आम्ही आतून धरतो."

"का? चोर काय आतून चोरतात?"

"तसं नाही काका, प्लॉटच्या पातळीवरून मोजायची पद्धत आहे."

"मग रस्ता खाली न्या!"

"रस्ता माझ्या टेबलाला नाही ना, काका."

आणि तुम्हाला सांगते, त्याच वेळी, त्या साहेबाच्या डोळ्यांदेखत, देवराम मास्तर फिरत फिरत आले, वाकले, उद्याची एक कळी खुडली, साहेबाला नमस्कार केला आणि गेले! हे म्हणाले, "बघितलंत? बघितलंत?" साहेब म्हणाला, "सर आहेत ते आमचे. सातवीला होते मला." झालं ना! साहेबानंसुद्धा नमस्कार केला. आमचा गणपती मात्र बिनफुलाचा.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मरू दे ती भिंत. पण हे! रोज सकाळी आंघोळ, शर्ट इन, खिशाला पेन, आणि चालले. मी म्हणायची, "अहो, जाऊ द्या, मी बाजारातून विकत आणते फुलं." तर म्हणाले, "तुझ्या आईनं मांडीवर आणलेलं झाड आहे ते. विकतची फुलं आणलीस तर बघ!" आता सांगा, अशा माणसावर रागवायचं तरी कसं? त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं माझ्या. कांदा चिरत होते, त्यामुळं ह्यांना कळलं नाही, ते बरं झालं.

शेवटी तो रविराज वितळला. म्हणाला, "काका, फुलं जातात हे कारण बसत नाही. पण रस्ता वर आल्यामुळं पावसाचं पाणी आत येतं, खाजगीपण राहत नाही, हे बसतं. फक्त एक करा, शेजाऱ्यांची हरकत नाही असं लिहून आणा. समोरच्यांची, आणि कोपऱ्यावरच्यांची."

समोर कोण? गोजराबाई! कोपऱ्यावर कोण? देवराम मास्तर! म्हणजे ज्यांना बाहेर ठेवायचं, त्यांच्याकडंच जाऊन म्हणायचं, की तुम्हाला बाहेर ठेवायला तुमची हरकत नाही ना? मी म्हटलं, संपलं. हे म्हणाले, "मी जाणार. आणि खोटं बोलून सही घेणार नाही." मला बरोबर नेलं, म्हणाले, बायकांत बायको असलेली बरी.

गोजराबाईंनी बसवलं, चहा टाकला. आणि समोर पाहते तो काय, त्यांच्या देव्हाऱ्यात आमची जास्वंद! एक नाही, दोन नाही, गणपती दिसेना फुलांत! ह्यांनी घसा साफ केला, आणि निघाला तो स्टँडवरचा आवाज, "गोजराबाई, स्पष्टच सांगतो. भिंत उंच करायचीय, ती तुमच्यासाठी. रंगनाथच्या दारात येऊन मागा, काय हवं ते मागा, मी स्वतः माझ्या हातानं तोडून देईन! मागणाऱ्याला मी आजवर नाही म्हटलेलं नाही. पण भिंतीवरून घेतलेलं मला चालायचं नाही!"

वाटलं, आता कपबशी येते अंगावर. पण गोजराबाईंनी चष्मा लावला, सही केली, चांगली ठसठशीत. म्हणाल्या, "बांधा की भाऊ. मीच कवाची म्हणते, ती भिंत लय बसकी झालीय. वाकून वाकून कंबर गेली माझी." आणि देवराम मास्तरांनी तर सहीबरोबर खाली शेरा दिला, 'उपक्रम स्तुत्य आहे.'

मंजुरी आली! खास बाब म्हणून! हे तो कागद घेऊन गल्लीभर फिरले. गवंडी आला, विटा आल्या, आणि बाहेरून सहा फूट, आतून साडेसात फूट भिंत उभी राहिली. आतून म्हणजे विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं वाटायला लागलं. पण झाड सुखरूप! त्या रात्री मी कळ्या मोजल्या नाहीत, नजर लागेल म्हणून. फक्त गणपतीला सांगितलं, उद्या बघच तू.

आणि दुसऱ्या दिवशी, अजून उजाडलं नाही, तोच बेल. ट्रिंऽऽग! हे उठले, फाटक उघडलं. गोजराबाई. आकडी नाही, पिशवी नाही. पितळी तबक, वर लोकरीचा रुमाल.

"भाऊ, देवाला फुलं द्या."

भर घरात बसून शब्द दिलेला. आणि देवासाठी दारात आलेल्या बाईला नाही म्हणायचं? हे झाडाकडं वळले, हात वर केला, तर मागून आवाज, "भाऊ, आंघोळ झाली का?"

"नाही अजून."

"मग कसं चालंल? पारोशा हाताचं फूल देवाला चालत नाय. करून या. मी थांबते."

तुम्हाला सांगते, डिसेंबरची थंडी, नाशिकची थंडी, हाडं वाजतात, आणि आमचे हे बंबात लाकडं सारतायत! तोवर बातमी गेली. दुसऱ्या दिवशी देवराम मास्तर. तिसऱ्या दिवशी दोन मॉर्निंग वॉकवाले, ज्यांना आम्ही ओळखतसुद्धा नाही. पूर्वी बिचारे लाजत-लपत एखाद-दोन न्यायचे हो! आता हक्कानं, रांगेनं! आणि ह्यांना… ह्यांना काय सांगू, मजा यायला लागली! इतक्या वर्षांनी समोर रांग! पहाटे आंघोळ, शर्ट इन, स्टुलावर उभे, आणि घोषणा, "गोजराबाईंची जास्वंद फाटक क्रमांक एकवर लागलेली आहे! देवराम मास्तरांनी धक्काबुक्की करू नये!"

मी ओचा खोचून बाहेर आले. म्हटलं, "अहो, आपल्या गणपतीला?" झाडाकडं पाहतात तो झाड रिकामं. तोंड एवढंसं झालं ह्यांचं. हळूच म्हणाले, "मोहिनी… तू मागितलंच नाहीस गं."

काय करता! घेतलं तबक, ओलांडला तो उंच रस्ता, वाजवली गोजराबाईंची बेल. म्हटलं, "देवाला एक फूल द्या हो." रीतच आहे ना, मागणाऱ्याला नाही कसं म्हणतील? दिलं, आईच्या झाडाचं फूल, माझ्या हातात. गणपतीला वाहिलं, हात जोडले, खरंच बरं वाटलं. फक्त देताना तेवढं एक म्हणाल्या, "उद्यापास्नं जरा लवकर येत जा, मोहिनी. आणि आंघोळ करून."

जाते आता रोज. आंघोळ करून.