खाली बघायचं नाही

काठी पेलणाऱ्यानं खाली बघायचं नाही, हा आपल्या घराचा नियम आहे, काका, ठाऊक आहे मला – आणि का, ते विचारायचं नाही, हेही ठाऊक आहे. बसा. शरणप्पा मामा, तुम्हीही बसा, अव्वा चहा टाकतेय. अप्पांची मिरवणुकीत अंगात घालायची बाराबंदी मी काढून देणार नाही, एवढं आधीच सांगते, म्हणजे चहा निवांत पिता येईल. – नाही, गुरूसाठी, माझ्या भावासाठी, तर नाहीच नाही. संक्रांतीची यात्रा जवळ आली, नंदीध्वजांच्या काठ्या पेलायचा सराव सुरू झाला, घरातला एक गडी उभा राहायला हवा, सगळं मान्य. पण अण्णाराव काका, अप्पांच्या जागी त्यांच्या मुलाला उभं करायला आलात, तर अप्पांना तिथून का काढलं, तेही बोलू या की आज. बोलायचं नाही? मग मी बोलते.

अप्पांनी सरावात पहिल्यांदा खाली बघितलं. घरापेक्षा उंच काठी अंगावर तोललेली, नजर शेंड्यावर हवी, आणि ते स्वतःच्या पायांकडे बघत होते, पोराला रस्ता ओलांडून न्यावं तसे. तुम्ही सगळ्यांसमोर काठी काढून घेतलीत. संगमेश प्यायला लागलाय, म्हणालात. पाय फाकून चालतो, जीभ जड झालीय, अजून काय पुरावा हवा? भावाच्या तोंडाचा वास एकदा तरी घेतला होता का तुम्ही?

मामा, मान हलवू नका, हात मागे न्या. कवटीच्या खाली, मानेच्या वर – हां, तिथं आत लहान मेंदू असतो. मुठीएवढा. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, पण घड्या फार बारीक. मधोमध चिरला तर आत पांढरं झाड दिसतं, फांद्यांसकट. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला हातात घेतला तेव्हा मला तो सुंदर वाटला होता, खोटं कशाला सांगू. मेंदूतल्या निम्म्याहून जास्त पेशी त्या एवढ्याशा गड्ड्यात असतात, आणि तो हुकूम सोडत नाही. हुकूम मोठा सोडतो – आपल्या घरासारखंच. हा नुसता बघत असतो, पाय टाकायचा होता कुठं आणि पडतोय कुठं, आणि पडता पडता सावरून घेतो. त्याच्यामुळं माणसाला खाली बघावं लागत नाही, काका. तुमचा नियम तो पाळत होता. अप्पांच्या डोक्यात तोच वाळत चालला होता. जीभही तोच सांभाळतो, म्हणून बोलणं अडखळायचं. एमआरआयमध्ये मी बघितलं, त्या झाडाच्या फांद्यांमध्ये काळ्या फटी पडल्या होत्या.

पण डॉक्टरकडं जायच्या आधी देवघर झालं, नाही का? तुम्ही त्यांना उभं केलंत, विभूती पुढं धरलीत, म्हणालात, लाव कपाळाला आणि सांग पीत नाही म्हणून. बोटं कपाळाकडं निघाली – आणि जवळ जाईल तसा हात जास्तच कापतो या आजारात, लांब असताना नाही, अगदी पोचता पोचता. तीन बोटं कपाळ सोडून डोळ्यात गेली. डोळ्यातून पाणी यायला लागलं. आणि तुम्ही म्हणालात, "बघा, देवच लावून घेईना."

त्यानंतर अप्पा बाहेर पडलेच नाहीत. शेवटी घासही नीट गिळता येईना, श्वासनलिकेत जायचा, न्यूमोनिया त्यानंच झाला. श्रावणात गेले. दारुडा म्हणून गेले, काका. खांदा द्यायला आलेले लोक बाहेर काय बोलत होते, ते अव्वानं, त्यांच्या बायकोनं, ऐकलंय.

आता म्हणाल, झालं गेलं, पोराचा काय दोष? दोष नाहीच कुणाचा. हा आजार रक्तातून येतो. बापाला असेल तर प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता – मलासुद्धा. माझी मी बघेन. पण गुरू रोज सकाळी आरशासमोर विभूती लावतो, पुसतो, परत लावतो. मी स्वयंपाकघरातून बघत असते. आधी वाटलं, वयात आलाय, नटतोय. काल तिसरी रेघ भुवईवर उतरली होती आणि तो पुसत होता, पुसत होता, आणि मी हातातलं लाटणं खाली ठेवू शकले नाही. तपासणीला कसं न्यायचं, त्याला सांगायचं कोणत्या तोंडानं, मला माहीत नाही. अव्वालाही सांगितलेलं नाही मी हे, तुम्हाला का सांगतेय –

गुरू? तू दारात कधीपासून उभा आहेस?

नाही, तसं नाही. अजून काहीच नक्की नाही. उद्या दोघंही जाऊ, माझीही तपासणी करू. काठी नाही. काठी कुणीही पेलेल, मी तुला देणार नाही. काका, हे माझं शेवटचं – आणि गुरू, तू आत ये. हळू. तिथं उंबरा आहे. खाली बघ. बघ खाली, बिनधास्त बघ, मी सांगतेय ना.