वहीत नसलेलं वाक्य

केनियातल्या लामूच्या जमीन कचेरीत रांगेत माझ्यापुढे मेजुमा म्हातारी आणि तिची नात सिती उभ्या होत्या. सितीच्या हातात इंग्रजी शब्दांची वही.

"शाम्बा म्हणजे फार्म. आता वाक्य म्हण, आजी. माझी बाग सुंदर आहे."

"सुंदर कशाला? मला काय गिऱ्हाईक शोधायचंय? 'मी विकली नाही' हे सांग."

"ते वहीत नाही. आणि साहेबाला स्वाहिली कळते की."

"साहेबाला कळते, त्याच्या कागदाला कळत नाही. मागल्या खेपेला मी तासभर बोलले. त्यानं इंग्रजीत एक ओळ खरडली आणि माझी नारळाची बाग दिराची झाली."

"बरं. आय हॅव नॉट सोल्ड."

"आय हॅव नॉट सोल्ड. पुढे?"

"पुढे काय?"

"'लिहा' कसं म्हणायचं?"

"राइट."

"आणि 'लिहिलंत ते मला वाचून दाखवा'?"