मगर, शुक्रवारी सायंकाळी सहापर्यंत

...नाही, पण मला एक सांगा, घराला प्लॅस्टर नाही, खिडक्यांना काचा नाहीत, दारावर पाटी, 'काम चालू आहे', आणि तरी तुम्ही आत शिरून विचाराल का, की दीदी, एसी कुठे लावलाय? नाही ना विचारणार? मग माझ्या गेममध्ये शिरून काहून विचारून राहिलेत हे लोक?

लिहिलं होतं मी! पहिल्याच पानावर, पिवळ्या पट्टीत, की गेम अर्धवट आहे, बनवणं चालू आहे, आहे तसा खेळा आणि काय खटकलं ते सांगा. अर्ली ॲक्सेस म्हणतात याला. पण 'सांगा' म्हटलं की लोक सांगत नाहीत हो, मागतात!

गेम साधा. भेडाघाटला नर्मदेत नाव हाकायची, दोन्हीकडे संगमरवराचे कडे, खडकाला न आपटता धुवांधार धबधब्याच्या जवळ जायचं आणि परत यायचं. बस. पुण्याची नोकरी सोडून एक अख्खं वर्ष घातलं मी यात. आता एक म्हणतो नाववाल्याची यमकं जुळवलेली तुकबंदी पाहिजे, दुसरी म्हणते चांदणी रात्र पाहिजे, तिसऱ्याला नावेत भुट्टा पाहिजे. आणि सिहोऱ्याचा एक नथ्थू, तो तर रोज, "दीदी, पानी में मगर ही नहीं है, तो डर काहे का?"

डर? अरे, माझ्या जागी येऊन बस ना बाबा! तुम्हाला सांगते, हे लोक नाराज झाले की अंगठा खाली करतात, अंगठे वाढले की रेटिंग लाल होतं, आणि रेटिंग लाल झालं की दुकानात गेम कोणाला दिसतच नाही. माझं वर्ष गेलं नर्मदेत! फोन 'टुंग' वाजला की उलटा घालून ठेवायचे. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे मी.

म्हणून एक चूक केली. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, रांझीच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं आवक-जावक विभागात होते. आलेल्या कागदाला उत्तर गेलंच पाहिजे, हा त्यांचा धर्म. रिटायर झाल्यापासून दुधाच्या पिशवीवरचा मजकूरसुद्धा दोनदा वाचतात. म्हटलं, अण्णा, हा पासवर्ड, तुम्ही फक्त वाचा आणि मला मुद्दे सांगा, माझी वाचायची हिंमत नाही.

फक्त वाचा, म्हटलं होतं मी! पंधरा दिवसांनी, मंगळवारी, सहज उघडून बघते तर काय... प्रत्येकाला उत्तर! भुट्टेवाल्यालासुद्धा! "महोदय, आपका पत्र प्राप्त हुआ. उचित कार्यवाही की जा रही है. भवदीय, अण्णा, कृते मेघना." म्हणजे माझ्या वतीनं! आणि नथ्थूला? "मगर शुक्रवार सायं छह बजे तक उपलब्ध करा दिया जाएगा."

तशीच उठून गेले. म्हटलं, अण्णा, हे काय करून ठेवलंत?

"त्याची तीन स्मरणपत्रं आली होती," म्हणाले. "तारीख दिल्याशिवाय फाइल बंद होत नाही बेटा."

"मगर बनवायला मला दीड महिना लागेल. आणि तारीख द्यायची नसते अण्णा, कधीच द्यायची नसते!"

पुढे मी नको ते बोलले. म्हटलं, तुमची फॅक्टरी सुटली, आता माझ्या डोक्यावर ऑफिस उघडू नका. पासवर्ड बदलला. अण्णांनी चष्म्याची घडी घातली, "बरं," म्हणाले, आणि पेपरमागे गेले. तीन दिवस पेपरमागेच!

तीन दिवस मी मगर बनवत होते. पहिल्या दिवशी ती पाण्यावरून चालायला लागली. दुसऱ्या दिवशी शेपटी नावेच्या आरपार. तिसऱ्या दिवशी दिसायला लागली, पण पालीसारखी, आमच्या ट्यूबलाइटमागे असते ना, अगदी तशी. आणि तिकडे लोक मोजून राहिले, दीदी, तीस घंटे बचे! दीदी, बीस! अहो, मला बोर्डाच्या परीक्षेला इतकी धडकी भरली नव्हती.

शुक्रवारी पावणेसहाला हात टेकले. खरं लिहिलं. मगर झालेली नाही, तारीख चुकून दिली गेली, माफ करा. डोळे मिटून बटण दाबलं आणि फोन पिठाच्या डब्यात ठेवून वर झाकण. आतून टुंग, टुंग, टुंग... पीठ थरथरत होतं हो! एक तास मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, आत पाय टाकवेना. शेवटी काढला, पीठ झटकलं, एक डोळा उघडून वाचलं. पहिलाच नथ्थू.

"दीदी, मगर जब बने तब बने. पीली पट्टी हमने पढ़ी है."

पढ़ी है? मग इतके दिवस... बरं, असो, मी खालची ओळ वाचली. "पर अण्णाजी कहाँ हैं? तीन दिन से जवाब नहीं आया. तबीयत तो ठीक है?"

आणि त्याखाली तीनशे बारा लोक! अण्णाजी कहाँ हैं! भुट्टेवाला म्हणतो, आमच्याशी इतक्या इज्जतीनं आजवर कोणी बोललं नव्हतं. चांदणीवालीनं तर अंगठा खाली करूनही टाकला, म्हणे अण्णाजी आले की वर करते. तिचं बघून दुसऱ्यानं केला, मग पाचव्यानं, दहाव्यानं. मगरीवर नाही हो, अण्णांवर रेटिंग लाल व्हायला लागलं!

गेले अण्णांकडे. म्हटलं, अण्णा, चुकले मी, चला ना, लोक वाट बघून राहिले. पेपरमागून आवाज आला, "तोंडी घेत नाही. लेखी दे."

दिलं लेखी! इंजिनिअरिंग झालेली मुलगी मी, फुलस्केपवर समास पाडून बापाला अर्ज लिहिला, विषय, संदर्भ, क्षमायाचना, सगळं! दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कीबोर्डवर चिठ्ठी. जावक क्रमांक एक. 'आपला अर्ज प्राप्त झाला. योग्य ती कार्यवाही सुरू आहे.'

"अण्णा, पण कधीपर्यंत?"

पेपर इंचभरही खाली आला नाही. "तारीख द्यायची नसते बेटा. कधीच."

तिकडे फोन टुंग टुंग, अण्णाजी कब आएँगे, अण्णाजी कब आएँगे... काय लिहिणार होते मी, तुम्हीच सांगा? लिहिलं. "आपका पत्र प्राप्त हुआ. उचित कार्यवाही की जा रही है. भवदीय, मेघना, कृते अण्णा."