नाव घेते, गाडी सोडा

— नाही हो ताई, तिथं नाही टेकायचं! माणूस आहे तिथं. दिसत नाही म्हणून काय झालं, पिशवी दिसते ना? पिशवी ठेवली म्हणजे माणूस बसल्यासारखाच. शालिमारला जायचंय ना तुम्हाला? मग राहा उभ्या जरा. चिमाजी चहाला गेलाय, आला की बघू. चिमाजी म्हणजे ह्या टॅक्सीचा डायव्हर. रोज संध्याकाळी नाशिकरोडहून ह्याच्याच गाडीनं जाते मी घरी — आणि गाडी भरल्याशिवाय तो काही हलत नाही. भरली म्हणजे पाच माणसं नव्हे हो! नवीन दिसताय. दहा. एकानं पाठ टेकून बसायचं, शेजारच्यानं पुढं सरकून, मग परत एकानं टेकून — अशी वीण घातल्यासारखी माणसं बसवतो तो. आणि आज तर हे कांद्याचे व्यापारी बसलेत मागं, दोघांची जागा घेऊन घोरतायत. घोरू द्या. आपलं बोलणं तरी ऐकायचे नाहीत.

काय? कोण येणारे ते सांगू? तुम्हाला काय करायचंय? — बरं, सांगते, उभंच राहायचंय तुम्हाला, वेळ जाईल. पण हसायचं नाही हां. मी हसले तर चालेल, तुम्ही हसायचं नाही.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. गाडी अशी खच्चून भरलेली, मी ह्या दाराशी, आणि माझ्या शेजारी एक टोपीवाले गृहस्थ, प्रेसमध्ये कामाला. तीन महिने आम्ही शेजारी बसून जातोय-येतोय, पण नाव विचारतं का कुणी कुणाला? गाडीत काय विचारतो आपण — जरा सरका. ते सरकायचे. बाकीचे पुरुष बघा, सरका म्हटलं की ऐकू येत नाही त्यांना, हे सरकायचे. पार पलीकडं चेपायचे स्वतःला, पण माझ्या अंगाला अंग नाही लागू द्यायचे. एवढंच माहीत मला त्यांचं. तर त्या दिवशी द्वारकेच्या चौकात पोलीस उभा. चिमाजीला लांबूनच दिसला. दहा माणसं कोंबलेली, दंड ठरलेला. म्हणतो कसा, "मंडळी, विचारलं तर आपण सगळे एका घरचे! साखरपुड्याला चाललोय!" पुढं बसलेल्या म्हाताऱ्याला म्हणतो, "तुम्ही सासरे!" आणि कॉलेजच्या पोराला, "तू दीर!" ते पोर पंजाबी, त्याला दीर म्हणजे काय ते माहीत नाही! तोवर शिट्टी वाजली. हवालदार आला, खिडकीतनं डोकं घातलं आत आणि नेमकं मलाच विचारतो, "बाई, हे शेजारी कोण तुमचे?"

आता भाऊ म्हणायचं होतं मला. देवाशपथ, भाऊच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं — मालक.

का निघालं? मला काय माहीत का निघालं! गर्दीत माणसाचं डोकं चालतं का? आणि तसं संशय घेण्यासारखं काही नव्हतं, कपाळाला टिकली लावते ना मी. नवरा जाऊन चौदा वर्षं झाली, तरी लावते. मोकळ्या कपाळाच्या बाईला गर्दीत कुणीही ढकलतं, ताई. टिकली असली की जरा दबकून असतात. माझी जाऊ म्हणाली, लाज नाही वाटत? म्हटलं, तू ये एकदा सहाच्या टॅक्सीनं, मग लाजेचं बोलू.

तर हवालदार म्हणतो, "मालक? बरं, नाव काय मालकांचं?" झालं! मला नाव कुठं माहीत? मी आपली खाली मान घालून गप्प. चिमाजी पुढनं खोकतोय. आणि तो हवालदार — तुम्हाला खरं वाटायचं नाही — तो एकदम हसला. म्हणतो, "खरीच बायको आहे! खोटी असती तर फाडकन सांगितलं असतं नाव. वहिनी लाजतात!" हसू नका म्हटलं ना! एवढ्यावर सुटलो असतो, पण त्याला आला चेव. "लाजता काय वहिनी, उखाण्यात घ्या! त्याशिवाय गाडी सोडत नाही."

आता आली का पंचाईत! मी इकडं बघते, तिकडं बघते, आणि माझी नजर गेली त्यांच्या मांडीवरच्या डब्यावर. पितळी डबा, कल्हई केलेला, त्यावर कोरलेलं नाव. मी चौथी पास आहे, वाचता येतं मला. बोटांच्या मधे स्पष्ट लिहिलेलं — गोटीराम. म्हटलं, सापडलं! आणि ठोकून दिला —

द्वारकेच्या चौकात शिट्टी वाजली जोरात,
गोटीरामांचं नाव घेते, गाडी जाऊ द्या घरात!

गाडी घरात कशी जाईल? अहो, मला यमक जुळवायचं होतं का गाडी लावायची होती! हवालदारानं सलाम ठोकला मला. सलाम! गाडी सुटली, सगळे टाळ्या पिटतायत, ते पंजाबी पोर सगळ्यात जास्त. मग सारडा सर्कलपाशी आल्यावर ह्यांनी डब्यावरची बोटं हळूच बाजूला केली. खाली काय लिहिलेलं? गोटीरामच्या आधी — कै. आणि पुढं — यांच्या स्मरणार्थ. म्हणाले, "ते आमचे वडील. वर्षश्राद्धाला वाटलेले डबे." आणि मग, "माझं नाव सावळीराम. पुढच्या खेपेला लक्षात ठेवा — आई."

आई! अगं बाई, मी जे हसले, जे हसले — शालिमारला गाडी थांबली तरी मला उतरता येईना. चौदा वर्षांत तशी हसले नव्हते.

मग काय मग? काही नाही. तेव्हापासून ते माझी जागा धरायचे, कधी मी त्यांची. बायको जाऊन सहा वर्षं झाली त्यांची. हातानं करून खातात, भाकरी कसली, पायताणच ते. मी मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटते, दोन जास्तीच्या होतातच. होतातच म्हणजे — मी लाटते. तुम्ही फार खोदून विचारता हो! बरं, लाटते. त्यात काय? माझ्या वाटणीच्या लाटते, कुणाच्या तोंडचा घास नाही काढत.

आणि मग शुक्रवारी — मला म्हणतात, एवढ्या भरल्या गाडीत, "धोंडाबाई, आता पोलीस नाही काही नाही. खऱ्या नावानं घ्याल का उखाणा?" माझं तोंडच वाईट, ताई. डोकं भणभणलं माझं. म्हटलं, "वय काय, बोलता काय! गाडी थांबव रे चिमाजी!" आणि द्वारकेलाच उतरले, आणि पाय तोडत घरी. सगळ्या गाडीसमोर पाणउतारा केला त्यांचा. त्या भल्या माणसाचा. तेव्हापासून चार दिवस झाले, ते गाडीला आले नाहीत.

मी वाट नाही बघत! दोन गाड्या सोडल्या त्या आपल्या गर्दी होती म्हणून. रविवारी लेक आली होती येवल्याहून, तिला सांगितलं, वाटलं, ती तरी मला चार शिव्या देईल. तर ती हसली. म्हणाली, "आई, मला यायला भरलं घर होईल ना, आणि कुणीतरी विचारेल, कधी आलीस." ठरवलंय मी. आज आले तर सांगून टाकायचं, घेते खऱ्या नावानं उखाणा. नाही आले तर उद्यापासून बसनं जाईन, पुन्हा ह्या गाडीत पाय ठेवायची नाही. तोंड कसं दाखवू? — हा आला बघा चिमाजी. ए, हॉर्न कशाला वाजवतोस? दिसतंय मला, एकच जागा राहिलीय! नाही देत! थांब म्हटलं ना दोन मिनिटं!

काय म्हणता ताई? कुठं? रसाच्या गाड्यामागं? — कोण, टोपीवाला? मला इकडनं नाही दिसत, हे व्यापारी मध्ये... केव्हापासून उभाय म्हणालात? तुम्ही आलात त्याच्या आधीपासून? आणि इकडंच बघतोय? मघाची गाडी पण सोडली त्यानं?

अगं बाई.

पिशवी द्या इकडं. सरका, उतरू द्या मला. घ्या ना, बसा! माझी जागा पण घ्या, ऐसपैस बसा. नाही, आम्ही येऊ चालत, नाहीतर राहू इथंच, तुम्हाला काय करायचंय? पदर नीट आहे ना माझा मागून? — चिमाजी, दात काय काढतोस, सोड गाडी! आणि ताई, काचेतनं मागं वळून बघायचं नाही, सांगून ठेवते. जा!