टबामागची भिंत

नाही नाही, हात लावू नका, लांबूनच बघा, आणि ते 'छान आहे हो' असं पडल्या आवाजात म्हणायचं असेल तर म्हणूच नका, कारण तुम्हाला सांगतो, टबाभोवतीच्या या तिन्ही भिंती, खालपासून वरपर्यंत, एकूण एक टाइल या हातांनी बसवली आहे… या हातांनी! आमच्या घरात ज्या हातांना साधा खिळा ठोकायला कोणी देत नव्हतं. आणि टाइल्सच्या सांध्यांची ती मधली रेघ बघा, रेघ. या कोपऱ्यातून निघाली ती थेट त्या कोपऱ्यात, कुठे केसभर हलली असेल तर दाखवा.

आता हे मुळात कशासाठी? आईच्या गुडघ्यांसाठी. डॉक्टर म्हणाले, रोज गरम पाण्यात बसवा, गुडघे मोकळे होतील. टब होताच, पण भोवतालच्या जुन्या टाइल्स सुटलेल्या, भिंत ओलीगच्च, आत पाऊल टाकायची सोय नाही. बायको म्हणाली मिस्त्री बोलवू. मी म्हटलं, मी करतो. त्यावर ती नुसती बाहेरच्या खोलीतल्या कपाटाकडे बघत राहिली. त्या कपाटाचं एक दार मी रंगवलंय आणि दुसरं… रंगवणार आहे. घरात मला 'उद्याकरू' म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि आईसुद्धा हसते, सख्खी आई! तेव्हाच ठरवलं, जीव गेला तरी बेहत्तर, ही भिंत पुरी करणार.

आधी प्लंबर आला. जुने नळ काढले, पाइपांच्या तोंडांना बुचं मारली, पार आत, भिंतीला सपाट, आणि जाताना पुन्हा पुन्हा बजावलं की साहेब, बुचांची खूण तेवढी करून ठेवा. म्हटलं, अरे मला काय सांगतोस? आणि त्याच्यासमोर पेन्सिलीनं भिंतीवर दोन फुल्या मारल्या. चांगल्या ठळक.

मग लागलो कामाला. लोक काय करतात, पहिली ओळ सरळ टबाच्या काठावर टेकवतात. अहो, टबाचा काठ कधी सरळ असतो का? तो कललेला, त्याच्यावर विसंबलात की वर जाईतो अख्खी भिंत तिरकी! मी लेव्हल लावली, लाकडी पट्टी ठोकली, तिच्यावर पहिली ओळ, खालच्या टाइल्स मागाहून मापानं कापून. लेव्हलमधला बुडबुडा असा मधोमध येऊन थांबला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं हो. बायको चहा घेऊन आली ती कप हातात धरून उभीच. मी बघितलं ना… रेघ बघत होती, रेघ.

शेवटी टब आणि भिंत यांच्यामधली फट भरायची. त्याआधी टब पाण्यानं भरून घ्यावा लागतो, म्हणजे वजनानं तो काय खाली बसायचा तो आधीच बसतो, नाहीतर फट मागाहून उघडते. हे मला माहीत होतं! भरला की मी टब. कशानं? बादल्यांनी, स्वयंपाकघरातून, खेपा घालून घालून. आता तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी डोक्यात उजेड पडायला हवा होता. नाही पडला.

मग एक दिवस प्लंबर नवे नळ घेऊन हजर. भिंतीवरून हात फिरवला, एक डोळा मिटून रेघ बघितली, मान डोलावली. इकडे माझी छाती फुगलेली. आणि मग हळूच म्हणतो, "साहेब, काम झकास. नळ कुठं लावू?"

फुल्या? होत्या की. टाइल्सच्या मागे. चांगल्या ठळक.

तो म्हणाला, अंदाजानं फोडत जाऊ, कुठेतरी सापडतील. हातोडी काढली. मी त्याचा हात धरला. पण एकीकडे आईचे गुडघे आणि एकीकडे रेघ, मुलानं काय करायचं? डोळे मिटले आणि म्हटलं, फोड बाबा. तेवढ्यात मागून आवाज. आई! दाराला धरत धरत तिथवर आलेली.

"खबरदार हातोडी लावशील तर. माझ्या पोरानं जन्मात पहिल्यांदा काहीतरी पुरं केलंय."

झालं. हातोडी पिशवीत गेली, प्लंबर घरी गेला. आता रोज बायको पाणी तापवते, मी वाहतो, पुढची बादली येईपर्यंत मागची कोमट, की पुन्हा पळा. आई टबात बसून भिंतीकडे बघते आणि ज्याचा फोन येईल त्याला सांगते, येऊन रेघ बघा, रेघ. गुडघे सुधारले हो तिचे. कंबर गेली ती माझी.

तर… झालं ना बघून? मग आलाच आहात तर जरा स्वयंपाकघरातून एकेक बादली घेऊन या, आईची वेळ झाली आहे. अहो, चाललात कुठे? परवा मेव्हणाही असाच गेला. एवढी सरळ रेघ, पण हल्ली दुसऱ्यांदा बघायला कोणी येतच नाही.